पाण्यावरील तेल : दिसेनासे होणे आणि नाहीसे होणे

(इयत्ता सहावी व सातवीच्या सामान्य विज्ञानासाठी पाठ)

तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे मुलास शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. आमटीवरील तवंग आणि देवापुढील काचेच्या दिव्यात पाण्यावर ठरलेले तेल त्याने पाहिलेले असते. या घरगुती अनुभवापासून पाठास आरंभ करावा आणि मग पुढील प्रश्न वर्गापुढे ठेवावा : हेच तेल पळीतून न सांडता प्रचंड जहाजातून समुद्रात सांडले, तर ते काढावे कसे? आणि ते डोळ्यांना दिसेनासे झाले, म्हणजे नाहीसे झाले असे मानावे काय? १९६७ सालापासून जगात ठिकठिकाणी अभियंत्यांनी व जीवशास्त्रज्ञांनी या प्रश्नांची उत्तरे शोधली आणि त्यांसाठी मोठी किंमत मोजली. ती हकीकत केवळ समुद्राची नव्हे. तिच्यातील बोध गावच्या विहिरीसही लागू पडतो.

पाठाचा हेतू

पाण्यावर तेल कसे पसरते, ते काढण्याचे उपाय कोणते व त्या उपायांच्या मर्यादा कोणत्या, हे मुलांनी प्रयोगाने व उदाहरणांनी जाणावे; तसेच आपल्या गावच्या पाण्याविषयी त्यांच्या ठिकाणी जागरूकता यावी, हा या पाठाचा हेतू होय. पाठ तीन तासिकांत विभागावा.

साहित्य : रुंद परात, काचेच्या दोन बाटल्या, खाण्याचे तेल, अंगास लावण्याची पावडर, साबणाचा चुरा, कोंबडीचे किंवा कबुतराचे पीस, सुतळी, शेतातील सरकी काढलेला कापूस आणि औषधाच्या दुकानातील पांढरा कापूस. प्रयोगास रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. खाण्याचे तेल पुरेसे आहे.

तेलाचा पसरण्याचा स्वभाव

परातीत स्वच्छ पाणी घेऊन ते स्थिर होऊ द्यावे व त्यावर पावडर अगदी विरळ भुरभुरावी. काडीच्या टोकाने तेलाचा लहानसा थेंब मधोमध टेकवावा. पावडर चोहोबाजूंनी मागे सरून मध्ये मोकळे वर्तुळ पडते. एवढ्याशा थेंबाने किती जागा व्यापली, हे मुलांकडून मोजून घ्यावे.

अमेरिकेतील थोर पुरुष बेंजामिन फ्रँकलिन यांनी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. लंडनजवळील क्लॅपम येथील तळ्यावर वारा वाहत असता त्यांनी चहाचा चमचाभर तेल ओतले. पाहता पाहता सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे गुळगुळीत झाले. १७७४ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. येथे गणिताची सांगड घालावी. चमच्यात ५ घन सेंटिमीटर तेल मावते असे धरू. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, म्हणजेच सुमारे २,००० चौरस मीटर. भागाकार केल्यास थराची जाडी मिलिमीटरच्या चार लाखाव्या भागाइतकी निघते. सातवीच्या मुलांनी हे उदाहरण फळ्यावर सोडवावे.

तवंगावर इंद्रधनुष्याचे रंग दिसतात, तेव्हा थर याहून बराच जाड असतो. तरीही तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासच असतो. या हिशेबाने एक लिटर तेल सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे पाणी झाकू शकते. तेलाचे प्रमाण थोडे असले तरी त्याची व्याप्ती थोडी नसते, हे मुलांच्या मनावर येथेच ठसवावे.

या गुणाचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. डासांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन श्वास घेतात. म्हणून हिवताप आवरण्यासाठी साचलेल्या डबक्यांवर तेल टाकण्याची रीत पडली. तथापि जो थर अळीचा श्वास कोंडतो, तो इतर जीवांनाही सोडीत नाही. पीस पाण्यात बुडवून बाहेर काढल्यास थेंब घरंगळून जातात. तेच पीस तेलात बुडविल्यास त्याचे तंतू एकमेकांस चिकटतात व ते भिजून जड होते. तेलात सापडलेल्या समुद्रपक्ष्याच्या अंगाची ऊब नाहीशी होते व तो थंडीने मरतो, याचे कारण या पिसातच आहे.

समुद्रावर सांडलेल्या तेलाचे काय होते

खनिज तेल समुद्रावर सांडले की त्याचा हलका भाग पहिल्या काही दिवसांत हवेत उडून जातो. काही भाग लाटांच्या माऱ्याने सूक्ष्म थेंब होऊन पाण्यात विखुरतो. उरलेल्या जड तेलात पाण्याचे कण घुसळले जातात व त्याचा तपकिरी, लोण्यासारखा दाट गोळा बनतो. या गोळ्यात पाण्याचेच प्रमाण अधिक असल्याने त्याचे आकारमान मूळ तेलाच्या तिप्पट-चौपटही होते. काळ लोटला म्हणजे त्यातून डांबरासारखे गोळे तयार होतात. पावसाळ्याच्या सुमारास मुंबई व गोवा येथील किनाऱ्यांवर असे गोळे लागलेले दिसतात. अखेरीस समुद्रातील काही सूक्ष्म जीवाणू तेलाचे विघटन करतात. परंतु हे काम मंद असते आणि त्यास प्राणवायू व पोषक क्षार लागतात.

टॉरी कॅनियन जहाजाची हकीकत

१८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज कुवेतचे सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल घेऊन वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराकडे चालले होते. बंदरात शिरण्यासाठी भरतीची वेळ साधावयाची होती, म्हणून कप्तानाने जवळचा मार्ग धरला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी कॉर्नवॉल व सिली बेटे यांच्यामध्ये ‘सेव्हन स्टोन्स’ नावाचे खडक आहेत. त्यांवर जहाज आदळले. तेल वाहू लागले. एवढ्या मोठ्या तेलगळतीचा अनुभव तोपर्यंत कोणासही नव्हता. जहाज ओढून काढण्याचा प्रयत्न फसला व ते मोडले. शेवटी २८ मार्चपासून विमानांतून बाँब टाकून उरलेले तेल पेटविण्यात आले.

किनाऱ्यावर आलेले तेल काढण्यासाठी तेल विरघळविणारी साबणासारखी रसायने आणण्यात आली. सैनिक, अग्निशामक दलाचे लोक व स्वयंसेवक यांनी ती खडकांवर व वाळूवर ओतली. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यास लागलेले तेल सुमारे १४,००० टन होते. त्यावर वापरलेली रसायने सुमारे १०,००० टन होती. खडक धुतल्यासारखे दिसू लागले. काळा थर गेला व लोकांस हायसे वाटले.

प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ मात्र त्या खडकांवर फिरून निराळेच पाहत होते. टोपीसारखे कवच असलेला, खडकास घट्ट चिकटून राहणारा लिंपेट नावाचा एक प्राणी आहे. तेल लागलेल्या, परंतु रसायन न लागलेल्या खडकांवर पुष्कळ लिंपेट जिवंत होते. इतकेच नव्हे, तर ते तेलाचा थर खरवडून खातही होते. जेथे रसायने ओतली होती, तेथे ते मरून पडले होते. त्या रसायनांतील द्रावक मूळ तेलापेक्षाही अधिक विषारी होते, हे प्रयोगशाळेतील चाचण्यांनी सिद्ध झाले. या अभ्यासाचा वृत्तांत १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

पुढचा परिणाम अधिक बोलका आहे. लिंपेट हा खडकावरील शेवाळ चरणारा प्राणी. तो गेल्यावर खडक हिरव्या शेवाळाने भरून गेले. गाव ओस पडल्यावर वाटांवर गवत माजते, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतर लिंपेट परत आले ते अमाप संख्येने. त्यांनी सारे चरून टाकले व मग त्यांचीच उपासमार झाली. हा चढउतार थांबून जीवसृष्टीचा मेळ पूर्ववत बसण्यास ज्या खडकांवर रसायनांचा मारा अधिक झाला होता तेथे दहा ते पंधरा वर्षे लागली. याच किनाऱ्यावर गॉड्रेव्ही नावाचे ठिकाण आहे. तेथे सील प्राण्यांस इजा होऊ नये म्हणून रसायने फारशी वापरली गेली नव्हती. तेथील खडक दोन-तीन वर्षांतच सावरले. एकच तेल, एकच समुद्र. उपचार तेवढा वेगळा आणि सावरण्याच्या काळात एवढे अंतर!

गर्नसी बेटावर किनाऱ्याचे तेल पंपांनी उपसून एका जुन्या दगडखाणीत ओतण्यात आले. किनारा स्वच्छ झाला. तेल मात्र चाळीस वर्षे लोटली तरी त्या खाणीतच होते. एका ठिकाणचे तेल दुसऱ्या ठिकाणी गेले, एवढेच काय ते घडले.

वर्गातील दुसरा प्रयोग

ही हकीकत सांगून झाल्यावर दोन बाटल्या निम्म्या पाण्याने भराव्यात व प्रत्येकीत दोन चमचे तेल घालावे. दुसरीत साबणाचा चुराही घालावा. दोन्ही बाटल्या झाकण लावून सारख्याच जोराने हलवाव्यात व टेबलावर ठेवाव्यात. पहिलीत तेल लवकरच वर येऊन निराळे होते. दुसरीत पाणी दुधासारखे पांढरे होते व तेलाचा थर दिसत नाही. ‘दुसऱ्या बाटलीतील तेल कोठे गेले?’ असे विचारावे. प्रथम काही मुले ‘गेले’ असे म्हणतील. मग दुसऱ्या बाटलीतील पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून दाखवावे. पांढरे पाणी जसेच्या तसे खाली उतरते. तेल बाटलीतच आहे. त्याचे बारीक थेंब होऊन ते सर्व पाण्यात पसरले आहे. पूर्वी ते वरचेवर काढता आले असते; आता तेही शक्य नाही. शिक्षकाने येथे घाईने उत्तर न देता मुलांसच निष्कर्ष काढू द्यावा.

तेल विखुरणारी द्रव्ये सर्वथा त्याज्य आहेत, असा याचा अर्थ नव्हे. पुढे अशी द्रव्ये बरीच कमी विषारी करण्यात आली. खोल समुद्रात त्यांनी विखुरलेले थेंब विपुल पाण्यात विरळ होतात व जीवाणूंस ते खाणे सुलभ जाते. उथळ खाडीत, माशांच्या विणीच्या जागी किंवा किनाऱ्यालगत मात्र तीच द्रव्ये घातक ठरू शकतात. म्हणून आज प्रत्येक प्रसंगी तज्ज्ञ असा विचार करतात की, उपायाने होणारे नुकसान मोठे की तेल तसेच राहिल्याने होणारे मोठे? ज्यात हानी कमी तो मार्ग धरावयाचा.

अलास्काचा किनारा

२४ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील अलास्का प्रांतात एक्सॉन व्हॅल्डीझ हे जहाज ब्लाय नावाच्या खडकावर आदळले व सुमारे ३७,००० टन तेल प्रिन्स विल्यम साउंड या आखातात सांडले. हजारो कामगारांनी जोरदार दाबाच्या गरम पाण्याने किनारे धुतले. काही पट्टे मात्र तुलनेसाठी मुद्दाम न धुता राखण्यात आले. शास्त्रज्ञांनी दोहोंचे निरीक्षण केले, तेव्हा तेलातूनही वाचलेले शिंपले व शेवाळ गरम पाण्याने मेल्याचे आढळले. धुतलेले किनारे दिसण्यात उजळ होते. परंतु जीवसृष्टी सावरण्याच्या कामी आरंभीची काही वर्षे तेच मागे राहिले.

याच ठिकाणी दुसरा एक उपयुक्त प्रयोग झाला. किनाऱ्यावरील जीवाणू तेल खाण्यास समर्थ होते. परंतु तेलात नत्र व स्फुरद जवळजवळ नसल्याने त्यांची वाढ खुंटत होती. म्हणून काही भागांवर खत टाकण्यात आले. थोड्याच आठवड्यांत खत दिलेले चौकोन आसपासच्या काळ्या दगडांत उठून दिसू लागले. काडीकचऱ्याचे कंपोस्ट करताना शेणकाला किंवा थोडे नत्रखत घातल्यास ते लवकर कुजते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. तत्त्व तेच आहे. मात्र जे तेल दगडगोट्यांखाली खोल मुरले, तेथे प्राणवायू पोचला नाही आणि ते तेल दहा-बारा वर्षांनंतरच्या पाहणीतही खणताच सापडले. न उकरलेल्या उकिरड्याच्या तळाचा कचरा कुजत नाही, याची आठवण येथे करून द्यावी.

मुंबईजवळील अपघात

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा व खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा जहाज कलंडले. सुमारे ८०० टन इंधनतेल समुद्रात सांडले व अनेक कंटेनर पाण्यात पडले. त्यांपैकी काहींत कीटकनाशके होती. तटरक्षक दलाने तेल आवरण्याचे काम हाती घेतले. तरी भरतीबरोबर तेल मुंबई व रायगडच्या किनाऱ्यांवर आणि खाड्यांतील खारफुटीत शिरले. काही काळ लोक मासळी घेण्यास धजेनात व कोळी बांधवांच्या पोटावर पाय आला.

खारफुटीची झाडे चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेतात. त्या मुळांवर जड तेलाचा लेप बसला म्हणजे झाड गुदमरते. ते तेल काढावयास माणसे चिखलात उतरली, तर त्यांच्या पायांनीच ते अधिक खोल दडपले जाते. म्हणून तेल खारफुटीपर्यंत पोचू न देणे हाच तेथे खरा उपाय असतो.

तेल अडविण्याची व टिपण्याची साधने

तेल अडविण्यासाठी पाण्यावर तरती कुंपणे टाकतात. त्यांचा वरचा भाग तरंगतो व खालचा पडदा पाण्यात लोंबतो. आत साठलेले तेल निथळून घेणारी यंत्रे ते टाक्यांत भरतात. परंतु प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटरहून अधिक झाला, की तेल कुंपणाखालून निसटू लागते. परातीत सुतळीचे कडे ठेवून त्यात तेल सोडावे व हळूच फुंकर घालावी. मग जोराने फुंकावे. मुले हे निसटणे प्रत्यक्ष पाहतील. मोठ्या समुद्री अपघातांत यंत्रांनी परत मिळविलेले तेल सांडलेल्या तेलाच्या दहा-पंधरा टक्क्यांहून क्वचितच अधिक असते.

तेल टिपण्यासाठी भुसा, पेंढा यांसारख्या वस्तूही वापरतात. पाणी व तेल असलेल्या परातीत शेतातील कापूस व दुकानातील कापूस यांचे सारखे तुकडे टाकावेत. दुकानातील कापूस पाणी पिऊन खाली बसतो. शेतातील कापूस तरंगत राहून तेल टिपतो. कच्च्या तंतूवर मेणाचा नैसर्गिक पातळ थर असतो. औषधी कापसावरील तो थर धुऊन काढलेला असतो, म्हणून हा भेद. तेल टिपण्यासाठी कच्च्या कापसाचा उपयोग करण्याविषयी शास्त्रज्ञांनी संशोधन केले आहे. कापूस पिकविणाऱ्या गावच्या मुलांस हा प्रयोग विशेष आवडेल.

या सर्व प्रयत्नांतून निघालेले मोठे अनुमान असे की, सांडलेले तेल गोळा करण्यापेक्षा ते सांडू न देणेच सोपे असते. टॉरी कॅनियनच्या अपघातानंतर, १९७३ साली, जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. अलास्कातील अपघातानंतर १९९० साली अमेरिकेने तेलवाहू जहाजांस दुहेरी तळ व दुहेरी भिंती असाव्यात असा कायदा केला आणि १९९२ साली आंतरराष्ट्रीय नियमांतही तशी तरतूद झाली.

गावचे पाणी

समुद्रापासून दूर असलेल्या गावातही डिझेलचे पंप, ट्रॅक्टर व मोटारसायकली असतात. त्यांचे जळके काळे तेल बदलल्यावर पुष्कळदा बांधावर, उकिरड्यावर किंवा नाल्यात ओततात. माती ते शोषून घेते व ते दिसेनासे होते. तथापि पावसाच्या पाण्याबरोबर ते नाल्यास लागते, किंवा मुरमातून व खडकाच्या भेगांतून झिरपत विहिरीपर्यंत येऊ शकते. तेलाचा अंश आलेले पाणी उकळूनही शुद्ध होईलच असे नाही. ज्या विहिरीवर गावाची तहान भागते, तिच्या बाबतीत ही चूक सुधारणे फार कठीण असते.

यास्तव मुलांनी घरी सांगावयाच्या गोष्टी थोड्या व स्पष्ट असाव्यात. पंप पाण्याच्या काठास लागून न ठेवता दूर ठेवावा व त्याखाली पत्र्याचे तसराळे ठेवावे. जळके तेल बंद डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्यास द्यावे. जमिनीवर तेल सांडल्यास त्यावर लगेच भुसा किंवा कोरडी माती टाकावी व ती भिजलेली माती उचलून पाण्यापासून दूर न्यावी. साबणाचे पाणी ओतून सांडलेले तेल नाल्यात लोटू नये. दुसऱ्या बाटलीत काय झाले, ते आठवावे.

सरावासाठी प्रश्न

१. एक लिटर तेलाचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थर पसरल्यास गावच्या तळ्याचा किती भाग झाकला जाईल? तळ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून उत्तर काढा.
२. गॉड्रेव्हीचे खडक लवकर का सावरले?
३. लिंपेट मेल्यावर खडक हिरवे का झाले?
४. खत टाकल्याने तेलाचे विघटन जलद का झाले? जमिनीत खोल मुरलेल्या तेलाचे तसे का झाले नाही?
५. गावात जळके तेल कोठे कोठे टाकले जाते, याची पाहणी करून नकाशा काढा. नकाशात विहिरी, नाले व उताराची दिशा दाखवा.

पाचव्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शिक्षकाने स्वतः मुलांबरोबर गावातून एक फेरी घालावी. कोणाच्या चुका उघड्या पाडण्याचा तीत उद्देश नसावा. पाणी कोठून येते व कोठे जाते, हे मुलांनी पायांखालच्या उतारावरून ओळखावे, एवढाच असावा. तयार झालेला नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा व ग्रामपंचायतीस त्याची एक प्रत द्यावी. पुढील वर्षीच्या वर्गाने तीच फेरी पुन्हा घालून कोणत्या जागा सुधारल्या व कोणत्या तशाच राहिल्या, याची नोंद त्याच नकाशावर करावी.